लवू गुरवाचं गाऱ्हाणं

"पाठ झाला?" तात्या धुरींनी विचारलं.

"होय," बाबा म्हणाले.

"मग म्हणान दाखव बघू."

आमच्या घरात एकच खुर्ची होती, तिच्यावर तात्या बसले होते. बाबा खाली पायरीवर. मी आत चहा गाळत होते आणि कान बाहेर होते. बाबांनी डोळे मिटले, घसा खाकरला आणि म्हणून दाखवलं, अगदी हळू आवाजात, शाळेतल्या पोरासारखं.

"बा देवा रवळनाथा, भागीच्या झिलान, अनंतान, तुज्या राईतली फांदी तोडल्यान, तुजी मर्यादा मोडल्यान. तेची शिक्षा तेका गावली. आता तुजो राग सोड, आणि खाणीत उतरतत त्या लेकरांची राखण कर."

"फस्क्लास!" तात्या खूश झाले. "सोमवारी असाच व्हया. एक शब्द हय नाय, थंय नाय."

"तात्यानु," बाबा चाचरत म्हणाले, "अनंतान फांदी तोडल्यान ह्या कोणी बघल्यान?"

तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली. रागावले नाहीत. उलट हसले. "लवू, इचार करूक आमी आसंव. तू नुसतो बोल. तुज्या बापाशीन तेच केल्यान, आज्यान तेच केल्यान. आणि चेडवाचा लगीन तोंडार इला आसा मा? मग?"

एवढं बोलून ते उठले. जाताना माझ्याकडे बघून, "चाय बरी करतस गो," असंही म्हणाले.

आमच्याकडचं हे गाऱ्हाणं काय असतं ते बाहेरच्या माणसाला सांगावंच लागेल. गावाला देवाकडे काही मागायचं असलं, काही चुकलं म्हणून माफी मागायची असली, तर सगळा गाव देवळात जमतो. गुरव देवापुढे उभा राहून मोठ्याने बोलतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर गाव एका सुरात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" शब्द काय बोलायचे ते मानकरी आधी ठरवून देतात. गुरवाने फक्त बोलायचं. आणि एकदा का गावाने 'व्हय' म्हटलं, की ती गोष्ट तशीच घडली, असं ठरलं. मग पोलीस येवोत की कोर्टाचा बेलिफ, गावात त्याच्याविरुद्ध कोणी तोंडातून ब्र काढत नाही. देवापुढे 'व्हय' म्हटलेलं कोण फिरवणार?

माझे बाबा गावाचे गुरव. लवू गुरव. घरात त्यांचा आवाज कोंबडीला हाकलण्यापुरतासुद्धा चढायचा नाही. आई त्यांना म्हणायची, "तुमच्या तोंडात मूग शिजतत काय?" पण देवळात उभे राहिले की घंटेखालून आवाज उठायचा आणि पार नदीपलीकडे जायचा. माणसं नुसता तो ऐकायला येत. मला लहानपणी वाटायचं, देवळातले बाबा वेगळे आणि घरातले वेगळे.

अनंत हा भागीकाकीचा मुलगा. वीस-एकवीस वर्षांचा, हसरा, जरा आळशी. तात्यांच्या चिरेखाणीत कामाला होता. त्या वैशाखात खाणीची एक बाजू कोसळली आणि अनंत खाली सापडला. हवालदार आला, चहा प्याला, अपघात म्हणून लिहून घेऊन गेला. पण कामगारांची पाचावर धारण बसली. खाण देवराईला लागून. देव कोपला, आता आम्ही उतरणार नाही, म्हणाले. काम बंद पडलं. ते सुरू व्हायचं तर देवाचा राग काढायला हवा आणि तो राग कोणाच्या तरी माथी मारायला हवा. मेलेला पोर सोयीचा. उलट बोलत नाही.

फक्त एक अडचण होती. बाबांनी सगळं बघितलं होतं.

त्या दुपारी बाबा पूजेचा बेल काढायला राईत गेले होते. बाकीचे कामगार जेवायला गेले होते. खाणीच्या काठावर हात आत जाईल एवढी भेग पडलेली बाबांनी बघितली. अनंत वर उभा होता, नको म्हणत होता. तात्या त्याला म्हणत होते, "चार चिरे ऱ्हवलेत, तेवढे काढून घी. नायतर उद्यापासून येव नको." अनंत उतरला. मग जे व्हायचं ते झालं. बाबा बेलाची परडी तिथेच टाकून पळत घरी आले, आणि मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा रडताना बघितलं. दुसऱ्या दिवशी तात्यांनी भेगेच्या कोसळायच्या राहिलेल्या भागावर माती ओढून घेतली. भेग तशीच होती, फक्त दिसत नव्हती.

तात्या फाटकाबाहेर पडल्याबरोबर आई बाहेर आली. "आता कसलो इचार करतास?"

"कसलो नाय."

"माका शिकवू नकात. इतकी वर्षां संसार केलंय तुमच्यावांगडा. तुमचो कान लाल झालो की माका कळता."

बाबा हसले नाहीत. "भेग अजून थंयच आसा गो. मी गाऱ्हाणा घातलंय, गावान व्हय म्हटल्यान, की मंगळवारी पोरां परत उतरतली. माज्या शब्दार उतरतली."

"देवाक सगळा म्हायत आसा. तुमी कित्याक सांगूक व्हया?"

"देवाक म्हायत आसा, म्हणानच तर. तेच्या तोंडार उभो ऱ्हवान तेकाच खोटा सांगू?"

आई माझ्याकडे वळली. "हिचा काय? हिचा लगीन तात्यांच्या शब्दार ठरलाहा. उद्या मोडला तर हिका काय देवळात बांधून ठेवतलात?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? नवऱ्या मुलाला मी एकदाच बघितलं होतं. त्याचे केस छान होते, एवढंच मला माहीत. पण लग्नाची साडी पेटीत घेऊन ठेवलेली होती, आणि ती मी रोज एकदा उघडून बघायची. मी म्हटलं, "बाबा, अनंताने फांदी तोडली नव्हती ना?"

"नाय गो बाय."

"मग तसं म्हणू नका."

आई कपाळाला हात लावून खाली बसली. "बापूस तसा चेडू," म्हणाली. "दोघांका एकाच दगडार आपटूक व्हया."

रविवारी सकाळी बाबा मला बरोबर घेऊन भागीकाकीकडे गेले. तिचं घर गावाच्या टोकाला, तात्यांच्याच जमिनीत. घर तिचं, पण पायाखालची जागा तात्यांची. काकी दारात कोकमं वाळत घालत होती. अनंत गेल्यापासून ती सारखी काही ना काही करत असायची, हात रिकामा ठेवायची नाही. धाकटी शालन तिच्या पदराला धरून होती, सहा-सात वर्षांची.

बाबांनी तिला सगळं सांगितलं. भेगेचं, तात्यांचं, अनंत 'नको' म्हणाला त्याचं. काकी कोकमं पसरत राहिली. मग तिचे हात थांबले.

"नको म्हणालो?" तिने विचारलं.

"दोनदा म्हणालो."

काकी एकदम ओरडलीच. "माका सगळे सांगतत, तुज्या झिलान देवाची खोड काढली! सकाळी उठान माका वाटता, खरांच काय केल्यान असात? रात्री तेका गाळी घालतंय मी दादानु, मेलेल्या पोराक गाळी घालतंय!" ती बाबांच्या पायाशी बसली. "तुमी सांगा. देवाच्या म्होरे सांगा. कोण म्हणो नायतर न म्हणो, मी पयली व्हय म्हणतलंय."

 परत येताना घराजवळ आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "चल, एक माणूस तरी आसा."

सोमवारी देऊळ भरून गेलं. पुरुष सभामंडपात, आम्ही बायका बाहेरच्या पायऱ्यांवर. तात्या आणि बाकीचे मानकरी खांबाला टेकून पुढे बसले होते. भागीकाकी उशिरा आली. तिच्याबरोबर तात्यांची बायको होती, आणि तात्यांच्या बायकोने शालनचा हात धरला होता. शालनच्या अंगावर नवा कोरा फ्रॉक होता. मला ते बघून बरं वाटलं नाही, पण का ते तेव्हा कळलं नाही.

बाबांनी नारळ हातात घेतला. घंटा वाजली. आणि तो आवाज उठला.

"बा देवा रवळनाथा! आज तुजी लेकरां तुज्या दारात उभी असत!"

"व्हय म्हाराजा!"

"लहान-थोर, गरीब-श्रीमंत, सगळी तुजीच म्हणान उभी असत!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या गावात एक पोर गेलो, भागीचो अनंत. तेचा दुःख घेवन उभी असत!"

"व्हय म्हाराजा!" गावाचा आवाज कापला. कितीही झालं तरी पोर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे वाढलं होतं.

बाबा थांबले. मला मागून त्यांची फक्त पाठ दिसत होती, आणि ती घामाने भिजली होती. तात्यांनी मान डोलावली, आता पुढचं, अशा अर्थी.

"बा देवा, त्या पोरान तुजी फांदी तोडूक नाय! तेना तुजा कायएक वाईट करूक नाय!"

कोणी काही बोललं नाही. गावाला वाटलं असावं, गुरव चुकला.

"खाणीक भेग पडलली. ती मी बघलंय. अनंत नको म्हणत होतो, ता मी ऐकलंय. तेका खाली धाडलो तो तात्या धुरीन! भेग अजून आसा, वयर माती ओढलेली आसा. उद्या कोणाचा पोर खाली उतारला तर तेचो जीव जातलो. देवा, ह्या खरा आसा, ह्येका तू साक्ष आस!"

आणि ते थांबले. गाऱ्हाण्यात थांबायचंच असतं, गावाने उत्तर द्यायचं असतं. बाबा उत्तराची वाट बघत उभे राहिले.

एवढी माणसं, पण कोणी खोकलं नाही. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." माझा आवाज एकटाच गेला आणि मला माझीच लाज वाटल्यासारखं झालं, इतका तो बारीक होता. आईने माझं मनगट घट्ट धरलं. तिची नखं रुतली. ओठ तिचेही हलले, हे मी बघितलं, पण आवाज आला नाही.

मी भागीकाकीकडे बघितलं. सगळ्याच बायका बघत होत्या. काकीचं तोंड उघडं होतं. ती शालनकडे बघत होती, आणि तात्यांच्या बायकोने शालनला ओढून आपल्या पुढ्यात घेतलं होतं, दोन्ही हात तिच्या खांद्यावर. काकीने तोंड मिटलं. डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि ती खाली बघू लागली.

बाबांनी पुन्हा म्हटलं. या वेळी आणखी मोठ्याने. "ह्या खरा आसा, म्हाराजा!"

गाव गप्प. तात्या सावकाश उठले, चप्पल शोधली आणि बाहेर पडले. त्यांच्यामागून मानकरी, मग बाकीचे. जाताना कोणी बाबांकडे बघत नव्हतं. देऊळ रिकामं झालं तेव्हा बाबांच्या हातात नारळ तसाच होता. त्यांनी तो फोडला, अर्धा देवापुढे ठेवला, आणि उरलेल्याचे तुकडे करून ताटात घेऊन उभे राहिले. प्रसाद घ्यायला मी आणि आई, दोघीच होतो.

मंगळवारी खाणीत कोणी उतरलं नाही! एक माणूस नाही. बुधवारी नाही, पुढच्या आठवड्यात नाही. म्हणजे देवळात मूग गिळून बसलेल्या प्रत्येकाला बाबांचं पटलं होतं. मला वाटलं, आता कोणीतरी येईल, दारातून का होईना, "लवू, बरा केलंस" म्हणेल. आले ते शिव्या घालायलाच आले. मजुरी बुडाली ती गुरवामुळे, चूल बंद पडली ती गुरवामुळे. पावसाळ्यात एका रात्री ती भेगेची बाजू आपणहून खाली आली, अख्खी. खाली कोणी नव्हतं. सकाळी सगळा गाव जाऊन बघून आला, आणि आमच्या दारावरूनच परत गेला. कोणी थांबलं नाही.

मानकऱ्यांनी देवळातली पूजेची पाळी काढून बाबांच्या चुलतभावाला दिली. माझं लग्न मोडल्याचा निरोप मुलाकडच्यांनी दुधवाल्याबरोबर पाठवला. एवढीही माणुसकी दाखवली नाही की कोणी स्वतः यावं. आम्हाला वाळीत टाकल्याचं कोणी तोंडाने म्हणालं नाही, पण आमच्या विहिरीवर माणसं यायची बंद झाली, आमंत्रणं थांबली, दुकानदार आम्हाला शेवटी वाणसामान द्यायचा. आईने बाबांना एकदाही बोल लावला नाही. मला वाटलं होतं, ती जन्मभर टोचून टोचून खाईल. तिने त्यांना उलट खायला घालायला सुरुवात केली. जरा काही गोड झालं की आधी त्यांच्या ताटात.

माझा राग सगळा भागीकाकीवर होता. ती रस्त्यात दिसली की मी थुंकायची. एकदा बाबांनी ते बघितलं.

"असा करू नको गो."

"तिने तुमच्या पायाशी बसून सांगितलं होतं! पहिली म्हणणार होती!"

"तिचा एक गेला, एक ऱ्हवला. ऱ्हवलेल्याक सांभाळूक नको?"

"आणि तुम्ही? तुम्हाला नव्हतं सांभाळायला?"

 बाबा म्हणाले, "माका ता 'व्हय' ऐकूक व्हया होता गो. एकदा. कोणाच्या तरी तोंडातसून." आणि तोंड फिरवून त्यांनी डोळे पुसले. त्यानंतर हा विषय आम्ही काढला नाही. बाबांचा आवाज हळूहळू कमी होत गेला. वापरायला जागाच राहिली नाही त्याला.

बऱ्याच वर्षांनी ते गेले, तेव्हा मार्गशीर्ष होता. साधा ताप आला, छातीत उतरला आणि सकाळी गेले. आई दारोदार सांगून आली. प्रत्येक घरात माणसं होती, चुलीचा धूर दिसत होता, पण दारं पुढे लोटलेली. चुलतभावाकडे निरोप धाडला, तोही आला नाही. दुपार झाली. मी आणि आईने घरामागच्या परड्यातला बांबू तोडून तिरडी बांधली. कशी बांधायची ते आम्हाला माहीत नव्हतं. दोनदा सोडली, दोनदा बांधली. बांधून झाल्यावर आई म्हणाली, "आता उचलूया कशी? दोघींनी होवची नाय." आणि मग पहिल्यांदा मोठ्याने रडली.

तेवढ्यात फाटक वाजलं. भागीकाकी होती. डोक्यावर लाकडांचा भारा, धुराने काळे पडलेले वासे. मागे शालन, आता चांगली उंच झालेली, तिच्याही डोक्यावर भारा. चितेच्या लाकडांसाठी काकीने आपला गोठा मोडला होता.

मी तिला फाटकातच अडवणार होते. तिने भारा खाली टाकला आणि म्हणाली, "माका मारायचा तर मागीर मार. आदी खांदो देवंया."

लाकडं मागाहून न्यायची ठरवून आम्ही चौघींनी उचललं. पुढे आई आणि शालन, मागे डोक्याकडच्या बाजूला मी आणि काकी. आमच्या गावात बायका स्मशानात जात नाहीत. त्या दिवशी बायकाच गेल्या. लोटलेली दारं आता किलकिली झाली होती, फटीफटीतून डोळे.

देवळाच्या पुढ्यात काकी थांबली. समोर तात्या धुरींचा ओटा. तात्या झोपाळ्यावर बसले होते, म्हातारे झालेले, हातात अडकित्ता.

"काकी, चल," मी म्हटलं.

ती चालेना. मान वर करून ती ओरडली, बाईचा आवाज एवढा मोठा असतो हे मला माहीत नव्हतं.

"माज्या झिलान फांदी तोडूक नाय! तेका तात्या धुरीन खाली धाडलो! लवू गुरवान देवाच्या म्होरे खरा सांगितला, आणि मी गप ऱ्हवलंय! आयकतास मा सगळी? मी, अनंताची आवस, गप ऱ्हवलंय! आता नाय ऱ्हवचंय! कोणाक माजा घर मोडूचा तर मोडा!"

झोपाळा थांबला. कुठलंसं एक दार पुरतं उघडलं, आणि कोणीतरी बाई उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. बाकी काही हललं नाही.

काकी धापा टाकत होती. तिरडी तिच्या खांद्यावर थरथरत होती. मग तिने मान वळवली आणि बाबांच्या कानाशी तोंड नेलं. सबंध गावाला ऐकवून झालेला तो आवाज आता अगदी लहान झाला होता.

"ऐकलात मा, दादानु?"

आई पुढून म्हणाली, "चला गो. ऊन कलता." आम्ही चालू लागलो.